वरच्याकडे अडकलेली बाकी : राज्याने केंद्राकडून जीएसटीची भरपाई कशी मिळवली?

उधारी हा व्यापाराचा जुना रोग आहे. मोंढ्यातला आडत्या असो, सदर बाजारातला कापडवाला असो की ग्रील आणि गेट तयार करणारा कारागीर असो, प्रत्येकाच्या वहीत 'येणे बाकी'चे एक पान असतेच. गिऱ्हाइकाकडे पैसे अडकले तर तगादा लावता येतो, पुढचा माल बंद करता येतो, मधला माणूस घालता येतो. परंतु सरकारकडे अडकले तर? आणि एका सरकारचे पैसे त्याहून मोठ्या सरकारकडे अडकले तर त्याने कोणाचे दार ठोठवायचे?

२०२० ते २०२३ या काळात महाराष्ट्र सरकारवर हीच पाळी आली. जीएसटीच्या भरपाईचे हजारो कोटी रुपये केंद्राकडून यायचे होते आणि ते वेळेवर येत नव्हते. वर्तमानपत्रांत त्यावर राजकीय वाद भरपूर झाला. पण करार काय होता, पैसे का अडकले, ते कसे मिळाले आणि शेवटी कोणाच्या खिशातून आले, हा हिशेब व्यापाऱ्याच्या नजरेने क्वचितच मांडला गेला. तो येथे मांडत आहोत, कारण सरकारला माल पुरवणाऱ्या लहान माणसालाही त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

जकात गेली, अनुदान आले

जालन्यातल्या जुन्या व्यापाऱ्यांना नगरपालिकांचे जकात नाके आठवत असतील. (येथे जकात म्हणजे नाक्यावरचा कर, धर्मातली जकात नव्हे.) गावात येणाऱ्या मालावर नगरपालिका ही जकात घेई. ट्रक खोळंबत, पावत्यांवरून भांडणे होत, व्यापारी वैतागत. १९९९ साली राज्य सरकारने नगरपालिकांची जकात उठवली आणि बुडालेल्या उत्पन्नाच्या बदल्यात अनुदान देऊ असे सांगितले.

नाके गेले याचे दुःख कोणाला झाले नाही. पण एक गोष्ट बदलली. पूर्वी पालिकेचा पैसा रोज संध्याकाळी तिच्याच गल्ल्यात पडत होता. आता तो मुंबईहून येणाऱ्या अनुदानावर अवलंबून राहिला. स्वतःची वसुली सोडून जो दुसऱ्याच्या हप्त्यावर बसतो, त्याला हप्त्याची वाट पाहावीच लागते.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर झाला. फक्त नगरपालिकेच्या जागी राज्य आले आणि राज्याच्या जागी केंद्र आले. बहुतेक मालावरचा व्हॅट, प्रवेश कर, ऐषाराम कर असे स्वतःचे कर राज्यांनी सोडले. बदल्यात केंद्राने भरपाईचे वचन दिले.

करारात काय लिहिले होते

हे वचन नुसते तोंडी नव्हते. जीएसटीसाठी २०१६ साली झालेल्या १०१ व्या घटनादुरुस्तीत ते होते आणि २०१७ साली संसदेने भरपाईचा स्वतंत्र कायदाही केला. त्याची कलमे व्यापाऱ्याच्या भाषेत अशी सांगता येतील.

पहिले, पायाभूत वर्ष २०१५-१६. त्या वर्षी जीएसटीत गेलेल्या करांचे राज्याचे जे उत्पन्न होते, ते दरवर्षी १४ टक्क्यांनी वाढले असते असे धरायचे. दुसरे, या धरलेल्या रकमेपेक्षा प्रत्यक्ष वसुली जेवढी कमी, तेवढी भरपाई. तिसरे, मुदत पाच वर्षे, म्हणजे ३० जून २०२२ पर्यंत. चौथे, दर दोन महिन्यांनी तात्पुरता हिशेब करून पैसे द्यायचे आणि वर्षाअखेर तपासलेल्या आकड्यांवर पक्का हिशेब करायचा.

एक सोपे उदाहरण घेऊ. पायाभूत वर्षात उत्पन्न १०० रुपये होते. दरवर्षी १४ टक्के वाढ, तीही चक्रवाढीने, धरली तर २०२०-२१ मध्ये ते सुमारे १९२ रुपये ५० पैसे व्हायला हवे. प्रत्यक्षात १४० रुपये जमले, तर ५२ रुपये ५० पैसे केंद्राने द्यायचे. कोणत्याही धंद्यात दरवर्षी १४ टक्के वाढीची हमी कोणी देत नाही. म्हणूनच राज्ये या करारावर राजी झाली होती.

आता पैसे कोठून द्यायचे? त्यासाठी वेगळा उपकर बसवला, ज्याला आपण सेस म्हणतो. पानमसाला, तंबाखू, सिगारेट, शीतपेये, मोटारी आणि कोळसा यांवर तो जीएसटीच्या वर लागत असे. कोळशावर टनाला ४०० रुपये होता. या सेसचे पैसे एका वेगळ्या निधीत जमा व्हायचे आणि त्या निधीतून राज्यांना भरपाई जायची.

कागद वरवर पाहता पक्का होता. पण त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या नव्हत्या. निधीत पैसेच उरले नाहीत तर केंद्राने आपल्या तिजोरीतून द्यायचे की नाही? आणि उशीर झाला तर व्याज किती? धंदा चालू असताना अशा गोष्टी कोणी विचारत नाही. संकट आले की त्याच पहिल्यांदा विचारल्या जातात.

बाकी का अडकली

मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली. दुकाने बंद, मोटारींची विक्री बंद, कारखान्यांच्या भट्ट्या थंड. राज्यांचे जीएसटीचे उत्पन्न घसरले, म्हणजे भरपाईची गरज वाढली. त्याच वेळी सेसही घसरला, म्हणजे भरपाई देणारा निधी आटला. देणे वाढले आणि गल्ला रिकामा झाला, असा दुहेरी मार बसला.

२७ ऑगस्ट २०२० रोजी जीएसटी परिषदेची ४१ वी बैठक झाली. करोना ही दैवी आपत्ती आहे, अशी भूमिका केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी घेतली. त्या वर्षीची तूट २ लाख ३५ हजार कोटी रुपये धरली होती. त्यापैकी फक्त ९७ हजार कोटी जीएसटी लागू झाल्यामुळे आणि उरलेली करोनामुळे, अशी केंद्राने विभागणी केली. राज्यांपुढे दोन पर्याय ठेवले. ९७ हजार कोटींचे कर्ज घ्या, त्याची मुद्दल आणि व्याज पुढच्या सेसमधून फिटेल. किंवा पूर्ण रकमेचे कर्ज बाजारातून घ्या आणि व्याज तुम्ही सोसा. पुढे पहिल्या पर्यायाची रक्कम १ लाख १० हजार कोटी करण्यात आली.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर देणेकरी येणेकऱ्याला म्हणाला, 'माझ्याकडे आत्ता नाहीत. तू माझ्या नावावर बँकेतून उचल, मी नंतर फेडतो.' राज्यांचे म्हणणे असे की कायद्यात तुटीची कारणे विचारलेली नाहीत. तूट ती तूट. केंद्राचे म्हणणे असे की भरपाई सेसच्या निधीतूनच द्यायची आहे. निधी नसेल तर केंद्राची तिजोरी बांधील नाही. तेव्हाचे ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाळ यांचे मतही केंद्राच्या बाजूने होते. न लिहिलेल्या त्या ओळीवरच सगळा वाद येऊन थांबला.

वसुलीचे तीन मार्ग

अशा वेळी राज्यापुढे तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग जीएसटी परिषदेचा. तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश. निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे सारी राज्ये एक झाली तरी केंद्राच्या संमतीशिवाय ठराव होत नाही. परिषदेने वाद सोडवण्याची यंत्रणा उभारावी असे घटनेच्या कलम २७९अ मध्ये लिहिले आहे. पण २०२० च्या भांडणाच्या वेळी अशी यंत्रणा उभी नव्हती. पंचायत होती, पंच नव्हता.

दुसरा मार्ग न्यायालयाचा. घटनेच्या कलम १३१ प्रमाणे राज्य केंद्राविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दावा करू शकते. तमिळनाडूने मे २०२५ मध्ये समग्र शिक्षा योजनेच्या सुमारे २,२९१ कोटी रुपयांसाठी असाच दावा केला. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये दुष्काळाच्या मदतीसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मागणी १८,१७१ कोटींची होती, पुढच्याच महिन्यात सुमारे ३,४५४ कोटी सुटले. म्हणजे न्यायालयाचे दार वाजवले की काही हालचाल होते, पण मागितले तेवढे मिळतेच असे नाही.

तिसरा मार्ग पत्रे, निवेदने, भेटीगाठी आणि जाहीर तगादा यांचा. महाराष्ट्राने मुख्यतः हाच धरला. कर्जाचा पहिला पर्याय राज्याने स्वीकारला, कारण रोख हातात येणे जरुरीचे होते. १५ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्राने राज्यांच्या वतीने स्वतःच कर्ज काढून पुढे देण्याचे मान्य केले आणि त्या महिन्याच्या पहिल्या हप्त्यात महाराष्ट्राचाही वाटा होता. या मार्गाने महाराष्ट्राला २०२०-२१ मध्ये सुमारे ११,९७७ कोटी आणि २०२१-२२ मध्ये सुमारे १३,७८२ कोटी रुपये मिळाले.

कर्जाने तूट पूर्ण भरली नाही, म्हणून तगादाही चालू राहिला. ८ जून २०२१ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री अजित पवार आणि अशोक चव्हाण यांनी दिल्लीत पंतप्रधानांची भेट घेतली. निवेदनात भरपाईच्या २४,३०६ कोटी रुपयांच्या बाकीचा विषय होता. २७ एप्रिल २०२२ रोजी पंतप्रधानांनी काही राज्यांना पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट कमी करण्यास सांगितले. त्यावर ठाकरे यांनी उलट हिशेब मांडला, की केंद्राकडेच महाराष्ट्राचे २६,५०० कोटी येणे आहे.

हे आकडे वेगवेगळे का, असा प्रश्न वाचकांना पडेल. बाकीचा आकडा नेहमी त्या तारखेपुरता असतो. दर दोन महिन्यांनी नवी तूट जमा होते आणि मधूनमधून हप्ता येऊन वजा होतो. शिवाय तात्पुरत्या हिशेबाचा आकडा वेगळा आणि तपासून पक्का झालेला आकडा वेगळा.

किती आले आणि कोणी भरले

३१ मे २०२२ रोजी केंद्राने सर्व राज्यांना मिळून ८६,९१२ कोटी रुपये दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला १४,१४५ कोटी आले. त्या दिवशी निधीत जेमतेम २५ हजार कोटी होते. उरलेले केंद्राने स्वतःच्या पैशातून दिले आणि पुढच्या सेसमधून वळते करण्याचे ठरवले. तिजोरी बांधील नाही असे ज्यांनी २०२० मध्ये सांगितले, त्यांनीच २०२२ मध्ये तिजोरी उघडली. कायदा तोच होता, मधल्या काळात तगादा वाढला होता.

जून २०२२ ची बाकी मात्र राहिली. १८ फेब्रुवारी २०२३ च्या ४९ व्या बैठकीत केंद्राने १६,९८२ कोटी देण्याचे जाहीर केले. त्यात महाराष्ट्राचे सुमारे २,१०२ कोटी होते. याच बैठकीत आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या राज्यांनी महालेखापालांनी तपासलेले आकडे सादर केले होते, त्यांचा पक्का हिशेब म्हणून आणखी १६,५२४ कोटी मंजूर झाले. ज्यांचे प्रमाणपत्र आले नव्हते, त्यांना थांबावे लागले. तगादा कितीही मोठ्या आवाजात करा, शेवटचा पैसा तपासलेल्या कागदावरच सुटतो.

मग ही बाकी खरे म्हटले तर कोणी फेडली? दोन वर्षांत राज्यांसाठी काढलेले कर्ज सुमारे २ लाख ६९ हजार कोटींचे होते. ते व्याजासह फेडण्यासाठी सेसची मुदत, जी जून २०२२ मध्ये संपायची होती, ती ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तंबाखू आणि पानमसाला यांसारखा माल सोडून बाकी मालावरचा सेस उठला. तोपर्यंत शीतपेयाच्या बाटलीपासून कोळशाच्या टनापर्यंत गिऱ्हाईक तो भरत राहिले. केंद्र आणि राज्य यांच्या भांडणातली बाकी अखेर दुकानाच्या काउंटरवर वसूल झाली.

जालन्याच्या बाजाराला झळ कशी लागली

वरून पैसा थांबला की खालचे नळ एकेक करून बंद होतात. टाळेबंदीच्या पहिल्याच महिन्यात राज्याने मार्च २०२० चे पगार दोन टप्प्यांत देण्याचे ठरवले. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विभागांना अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी मिळेल असे सांगितले आणि नवी कामे व नोकरभरती थांबवली. आरोग्य आणि मदतकार्य यांना त्यात प्राधान्य होते. हे सर्व केवळ भरपाई अडकल्यामुळे झाले असे म्हणता येणार नाही. राज्याचे स्वतःचे उत्पन्नही आटले होते. पण वेळेवर आलेल्या हजारो कोटींनी हात इतके आखडावे लागले नसते, हेही खरे.

शासनाचे काम थांबले की रस्त्याचा ठेकेदार थांबतो. तो थांबला की सळई, सिमेंट, वाळू यांची उचल थांबते. मग सुतार, वेल्डर, रंगारी रिकामा बसतो आणि त्याची किराण्याची उधारी वाढते. त्या काळात केंद्रात रावसाहेब दानवे आणि राज्यात राजेश टोपे, असे जालना जिल्ह्याचे दोन मंत्री दोन्ही बाजूंच्या सरकारांत होते. तरीही पैसा नियम, निधी आणि प्रमाणपत्र यांच्याच चालीने आला. ओळखीने भेट मिळते, बिल निघायला कागद लागतो.

येथे एक अन्यायही नोंदवला पाहिजे. जीएसटी बिलावर लागतो, पैसे मिळाल्यावर नव्हे. सरकारी कार्यालयाला माल देऊन बिल फाडले की रक्कम आली नसली तरी कर भरावा लागतो. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के व्याज. भरपाईच्या कायद्यात मात्र राज्याला उशिरा पैसे मिळाल्यास व्याजाची तरतूद नव्हती. कर वर जाताना घड्याळ चालू असते आणि पैसा खाली येताना ते बंद पडते.

आपल्या बिलासाठी काय करावे

राज्याच्या करारात जी ओळ राहून गेली, ती लहान उत्पादकासाठी दुसऱ्या एका कायद्यात लिहिलेली आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाने दिलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. खरेदीदार सरकारी असला तरी सुटत नाही. तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते. ती सुविधा परिषदेकडे जाते. परिषदेच्या निकालाविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

त्यासाठी चार गोष्टी सांभाळाव्यात.

एक, उद्यम नोंदणी माल देण्याआधीच करा. ती मोफत आहे. नंतर केलेल्या नोंदणीवर आधीच्या व्यवहाराचा लाभ मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात म्हटले आहे.

दोन, पोहोच पावतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असे कायदा धरतो. तारीखच नसेल तर पंधरा दिवस मोजणार कोठून?

तीन, आपण कारागीर की व्यापारी, हे ओळखा. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिराच्या व्याजाचे संरक्षण तिला नाही. कपाट स्वतः बनवून देणाऱ्याला जे मिळते, ते तयार कपाट आणून विकणाऱ्याला मिळत नाही. बांधकामाच्या ठेक्यांबाबत न्यायालयांत वाद आहे. तेथे वकिलाचा सल्ला घ्यावा.

चार, ज्यांना हा कायदा लागू नाही त्यांनी मुदत सांभाळावी. पैशाच्या साध्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते आणि सरकारवर दावा करण्यापूर्वी साधारणतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. 'साहेब देतो म्हणाले' यावर तीन वर्षे निघून जातात आणि मग साहेबही बदललेले असतात. नोंदणी आणि तक्रारीची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारावी.

महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्याला आपल्या हक्काच्या पैशासाठी दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागल्या. किती द्यायचे हे कागदावर होते, म्हणून पैसे आले. निधी रिकामा झाला तर कोठून द्यायचे आणि उशीर झाला तर काय, हे नव्हते, म्हणून ते उशिरा आणि बिनव्याजी आले. तेव्हा सरकारी ऑर्डर हातात आली की आनंदाने माल पाठवण्याआधी चार ओळी वाचून घ्याव्यात : रक्कम किती, पैसे कोणत्या निधीतून, किती दिवसांत आणि उशीर झाल्यास काय. यातली एखादी ओळ नसेल तर ती माल जाण्यापूर्वी लिहून मागावी.